अनाहूत संदेश

अनाहूत संदेश : आंतरजालावरील चर्चागटात सभासदांनी न मागितलेला, गटाच्या प्रयोजनाशी संबंध नसलेला आणि बहुधा एकाच मजकुराच्या पुष्कळ प्रती करून अनेक गटांत पसरविलेला संदेश. व्यवहारात यासाठी ‘स्पॅम’ हीच संज्ञा रूढ आहे. चर्चागट म्हणजे समान आस्था असलेल्या व्यक्तींनी परस्परांशी लेखी संवाद साधण्यासाठी निर्माण केलेले सामाईक स्थान. मग ते संकेतस्थळावरील असो वा भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपसारख्या सेवेतील असो. वरील व्याख्येतील तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तेव्हा संदेश अनाहूत आहे याविषयी सहसा मतभेद होत नाही. तथापि प्रत्यक्षात एखादे लक्षण स्पष्ट असते, दुसरे अर्धवट असते आणि तिसरे नसतेच. त्यामुळे अनाहूत कशास म्हणावे, हा प्रश्न चर्चागटांच्या इतिहासात प्रारंभापासून वादाचा ठरला आहे.

निकष : संदेशाचा मजकूर वाचून तो अनाहूत आहे की नाही हे ठरविता येईल, असा सर्वसाधारण समज आहे; तो बरोबर नाही. कोल्हापुरात तालीम संघांच्या फुटबॉल सामन्यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभतो. एखाद्या तालमीच्या पाठीराख्यांच्या गटात शाहू स्टेडियमवरील सामना पुढे गेल्याची सूचना आली, तर ती कोणी मागितलेली नसूनही अनाहूत ठरत नाही. त्याच गटात कोल्हापुरी चपलांवरील सवलतीची जाहिरात आल्यास ती बहुतेकांना खटकते. चर्मव्यावसायिकांच्या गटात मात्र तीच जाहिरात भावाची उपयुक्त माहिती ठरते. मजकूर, भाषा आणि विक्रेता यांपैकी काहीही बदललेले नसते. बदललेला असतो तो वाचकांचा समुदाय आणि तो ज्या हेतूने एकत्र आला तो हेतू. म्हणजेच अनाहूतपणा हा मजकुराचा गुण नसून मजकूर, स्थळ आणि वाचकाची संमती यांच्यातील संबंध आहे.

संमती ही कल्पनाही वाटते तितकी सोपी नाही. गटात सामील होताना सभासद प्रत्येक संदेशास स्वतंत्रपणे संमती देत नाही. गटाचे नाव, त्याच्या प्रारंभी सांगितलेला उद्देश आणि तेथील रूढ वहिवाट यांवरून जे अपेक्षित असते, त्यास त्याची गर्भित संमती असते. गटाचा उद्देश जितका नेमका, तितकी ही संमती मर्यादित. ‘गल्लीतील मित्र’ या नावाच्या गटात जवळजवळ काहीही चालते. सहकारी पतसंस्थेच्या सभासदांसाठी काढलेल्या गटात वाढदिवसाच्या शुभेच्छाही काहींना नकोशा वाटतात. यात भर म्हणजे अनेकांना गटात त्यांना न विचारताच घातलेले असते. गटात कोणी घालावे याची निवड वापरकर्त्यास देणारी सोय व्हॉट्सॲपने एप्रिल २०१९ मध्ये उपलब्ध केली. तोपर्यंत ज्याच्याजवळ आपला दूरध्वनी क्रमांक आहे असा कोणीही आपणास गटात ओढू शकत असे. जेथे मूळ सभासदत्वच अनाहूत, तेथे संमतीच्या निकषावर बोलणे अवघड होते.

जवळच्या इतर प्रकारांपासून अनाहूत संदेश वेगळा ओळखला पाहिजे. मूळ विषय सोडून केलेल्या लेखनास मराठी संकेतस्थळांवर ‘अवांतर’ म्हणतात. ते एका चर्चेपुरते असते, त्याचा लेखक चर्चेत हजर असतो आणि त्याला उत्तर देता येते. पुष्कळदा चर्चेतील उत्तम भाग अवांतरातच सापडतो. मुद्दाम चिथावणी देणारे खोडसाळ लेखन त्रासदायक असले, तरी ते त्या विशिष्ट वाचकांना उद्देशून केलेले असते. अफवा, बदनामी व आर्थिक फसवणूक यांचा दोष मजकुरात असतो आणि त्यांच्यासाठी निराळे कायदे आहेत. अनाहूत संदेश खरा, सभ्य आणि कायदेशीर असू शकतो. रक्तदान शिबिराचे निवेदन पन्नास असंबद्ध गटांत चिकटविले, तर हेतू चांगला असूनही कृती त्याच जातीची होते. हे मान्य करणे सत्प्रवृत्त माणसांना जड जाते, आणि गटांतील बहुतेक कटू वाद येथूनच सुरू होतात.

कारणे : या प्रकाराच्या मुळाशी खर्चाची विषम वाटणी आहे. संगणकपूर्व काळातही न मागितलेले संदेश होतेच. अमुक देवतेच्या नावाने आलेले पत्र इतक्या जणांना लिहून पाठवावे, अन्यथा अनिष्ट घडेल, अशी साखळीपत्रे महाराष्ट्रात पोस्टकार्डांवरून घरोघर येत. परंतु पाठविणाऱ्यास प्रत्येक कार्डाचे पैसे मोजावे लागत आणि मजकूर हाताने उतरवून काढावा लागे. साखळी बहुधा त्या कंटाळ्यानेच तुटे. आंतरजालावर एक प्रत आणि दहा हजार प्रती यांच्या खर्चात पाठविणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही. वाचणे, ओळखणे व पुसून टाकणे यांचा खर्च मात्र प्रत्येक वाचकास वेगळा सोसावा लागतो. दहा हजारांतून एका जणाने जरी वस्तू विकत घेतली, तरी पाठविणाऱ्याचे भागते. उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्याण्णव लोकांचा वेळ त्याच्या हिशेबात कोठेच येत नाही.

इतिहास : मे १९७८ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणकनिर्मात्या कंपनीच्या गॅरी थ्युर्क या विपणन अधिकाऱ्याने आर्पानेट या तत्कालीन संगणक जालावरील सु. ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी पाठविले. अनाहूत व्यापारी संदेशाचे हे पहिले ज्ञात उदाहरण मानले जाते. चर्चागटांचा खरा विस्तार १९८० पासून यूझनेट या जालामुळे झाला. ड्यूक व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत विषयवार गट असत आणि एका संगणकावर लिहिलेला संदेश क्रमाने सर्व संगणकांवर पोहोचे.

‘स्पॅम’ हे मुळात १९३७ मध्ये बाजारात आलेल्या, डबाबंद मांसाच्या एका अमेरिकन उत्पादनाचे नाव. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूच्या १९७० मधील एका दूरचित्रवाणी प्रवेशात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात हेच मांस असते आणि या शब्दाच्या गजरात बाकी सर्व संभाषण बुडून जाते. हा शब्द संगणकक्षेत्रात रूढ झाला तो या बुडण्यावरून. वस्तू वाईट आहे म्हणून नव्हे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मार्च १९९३ मध्ये यूझनेटवरील नको असलेले संदेश काढून टाकण्यासाठी रिचर्ड डेप्यू यांनी रचलेल्या एका आज्ञावलीत दोष राहिला आणि तिनेच एका गटात सु. २०० संदेश ओतले. त्या प्रसंगी हा शब्द तेथील चर्चेत वापरला गेला. पुढे १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोना राज्यातील कँटर व सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्याच्या सोडतीसाठी आपली सेवा देऊ करणारी जाहिरात यूझनेटवरील ५,००० हून अधिक गटांत टाकली. सोडत खरी होती आणि जाहिरातही बेकायदा नव्हती. तरीही संतप्त वाचकांच्या उत्तरांचा असा भडिमार झाला की, त्यांना जोडणी पुरविणाऱ्या कंपनीची यंत्रणा कोलमडली. व्यापारी अनाहूत संदेशांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला, तो या घटनेने.

मोजमाप : यानंतर यूझनेटवर नकोसे संदेश रद्द करणारे स्वयंसेवक पुढे आले. त्यांच्यापुढील अडचण तात्त्विक होती. मजकूर पाहून संदेश रद्द करावयाचा, तर ती सरळ सरळ छपाईपूर्व तपासणी झाली असती आणि मतस्वातंत्र्य मानणाऱ्या त्या समाजाने ती मुळीच सहन केली नसती. म्हणून मजकूर अजिबात न वाचता केवळ संख्येवर आधारलेला निकष शोधण्यात आला. सेठ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक असा : तोच संदेश प्रत्येक वेळी जितक्या गटांना उद्देशून टाकला असेल, त्या संख्येचे वर्गमूळ काढावयाचे आणि ४५ दिवसांतील अशा सर्व वर्गमुळांची बेरीज करावयाची. बेरीज २० किंवा अधिक झाल्यास संदेश रद्द करण्यायोग्य समजावयाचा.

वर्गमुळाचे कारण मार्मिक आहे. एकच संदेश २५ गटांना एकत्रित उद्देशून टाकला, तर वाचनाची आज्ञावली तो एका वाचकास एकदाच दाखविते; त्याचा भार ५ धरला जातो. तोच संदेश २५ गटांत स्वतंत्रपणे टाकल्यास अनेक गट वाचणाऱ्यास तो पुनःपुन्हा भेटतो. त्याचा भार २५ होतो आणि तो मर्यादेबाहेर जातो. धर्मप्रसार असो, राजकीय आवाहन असो वा औषधाची जाहिरात असो, गणित सर्वांना सारखे लागू पडते. संदेशाच्या गुणवत्तेविषयी अवाक्षरही न काढता केवळ त्याच्या वर्तनाचा न्याय करणारी ही पद्धत पुढील सर्व यशस्वी उपायांची पूर्वज म्हणता येईल. २० हा आकडा काही निसर्गनियम नव्हे. तो लोकांनी चर्चेअंती मान्य केला, एवढेच त्याचे बळ.

मराठी चर्चागट : मराठीत मायबोली (१९९६), मनोगत (२००४), मिसळपाव (२००७) इ. संकेतस्थळांनी चर्चेची परंपरा निर्माण केली. या स्थळांवर चर्चेस ‘धागा’, वैयक्तिक संदेशास ‘व्यनि’ आणि आलेला मजकूर स्वतःची भर न घालता पुढे पाठविला असता त्यास ‘ढकलपत्र’ असे नेमके शब्द घडले. त्यांपैकी ढकलपत्र हा शब्द विशेष अर्थवाही आहे. यात लेखक कोठेच नसतो. असतो तो केवळ ढकलणारा. देवनागरीत चाललेल्या चर्चेत रोमन लिपीतील परकी जाहिरात लगेच उठून दिसते, त्यामुळे यंत्राने टाकलेले अनाहूत संदेश या स्थळांवर ओळखणे तुलनेने सोपे असते. मायबोलीने जाहिरातींसाठी वेगळा विभाग ठेवला. विक्रीचा मजकूर तेथे अनाहूत राहत नाही, कारण तो विभाग उघडणारा वाचक त्याच्याच शोधात असतो.

भ्रमणध्वनीवरील गटांत परिस्थिती पालटली. तेथे संदेश पाठविणारा परका नसून मामा, शाळासोबती किंवा शेजारी असतो. सकाळच्या शुभेच्छांचे चित्र हे याचे नमुनेदार उदाहरण होय. प्रत्येक शुभेच्छा एकेकटी पाहिल्यास सौजन्याची आहे. परंतु २०० सभासदांच्या गटात प्रत्येकाने दिवसाला एकच चित्र पाठविले, तरी प्रत्येकास इतरांची १९९ चित्रे मिळतात आणि गटात एकूण ३९,८०० चित्रे पोहोचती होतात. एकाही व्यक्तीने मर्यादा ओलांडलेली नसताना गट मात्र निरुपयोगी होतो. भारतातील भ्रमणध्वनींची साठवण अशा चित्रांनी भरून जाते, हे गूगल कंपनीच्या संशोधकांना आढळून आले आणि ही चित्रे वेगळी ओळखून काढून टाकण्याची सोय त्यांनी आपल्या एका आज्ञावलीत केली. ब्राइडबार्ट निर्देशांक येथे हतबल ठरतो, कारण तो एका पाठविणाऱ्याचे वर्तन मोजतो; शेकडो सज्जनांच्या वर्तनाची बेरीज त्याच्या कक्षेत येत नाही. वडीलधाऱ्यांच्या शुभेच्छांना स्पॅम म्हणणे मराठी घरात उद्धटपणाचे वाटते, त्यामुळे हा प्रश्न कुटुंबांच्या गटांत सहसा बोलूनही दाखविला जात नाही. ज्यांना असह्य होते, ते गटाचा आवाज बंद करून ठेवतात. त्यानंतर त्याच गटात आलेली निधनवार्ता त्यांना दुसऱ्या दिवशी कळते.

महापुरातील संदेश : संदेशाचे उपयुक्ततेकडून अनाहूततेकडे होणारे संक्रमण कोल्हापूर जिल्ह्यातील महापुरांच्या काळात स्पष्टपणे पाहावयास मिळते. पंचगंगेची पातळी कोल्हापूरनजीक राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारखी करवीर तालुक्यातील गावे व शिरोळ तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी घर सोडावे की थांबावे, जनावरे केव्हा हलवावीत, कोणता रस्ता चालू आहे, हे निर्णय बंधाऱ्यावरील आकड्यावर अवलंबून असतात आणि हा आकडा बहुतेकांना गटांतूनच कळतो.

भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे उदाहरण घेता येईल. छत्रपती शाहू महाराजांनी आरंभिलेल्या या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय ठराविक पातळीपर्यंत भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात व पातळी उतरली की आपोआप मिटतात. एखादा दरवाजा उघडल्याची बातमी पहिल्या तासात नदीकाठच्या गावांना अत्यंत मोलाची असते. काही तासांनी दरवाजा मिटतो; बातमी मात्र एका गटातून दुसऱ्या गटात फिरतच राहते, कारण तिच्यात बहुधा दिनांक वा वेळ लिहिलेली नसते. संध्याकाळी खरोखर आणखी दरवाजे उघडतात, तेव्हा त्याची बातमी आणि सकाळच्या बातमीची दहावी प्रत यांच्यात वाचकास फरक करता येत नाही. बचावाच्या विनंत्यांचीही तीच गत असते. अमुक घराच्या माडीवर माणसे अडकली आहेत, होडी पाठवा, हा संदेश त्या माणसांची सुटका झाल्यावरही पुढे जात राहतो. बचावपथकाकडे एकाच ठिकाणाची वारंवार मागणी पोहोचते आणि जेथे कोणी अद्याप गेलेले नाही, त्या ठिकाणाची एकुलती एक विनंती तिच्याखाली दबते.

येथे कोणीही खोटे बोललेले नसते, कोणाचा स्वार्थ नसतो आणि विषयही गटास सोडून नसतो. तरीही शिळ्या प्रतींचा परिणाम अनाहूत संदेशासारखाच होतो, किंबहुना अधिक घातक होतो. म्हणून संमती, प्रस्तुतता व संख्या या निकषांत काळ हा चौथा निकष धरावा लागतो. संदेशाला आयुष्य असते. ते संपल्यावरही तो पुढे पाठविणे म्हणजे नवा संदेश येण्याची वाट अडविणे होय. पाणीपातळीच्या आकड्यापुढे वेळ व दिनांक लिहिणे, पूर्ण झालेल्या विनंतीखाली ‘मदत मिळाली’ असे नोंदविणे किंवा ती विनंती काढून टाकणे आणि मूळ निवेदनाऐवजी अधिकृत कार्यालयाचा क्रमांक पाठविणे, या साध्या उपायांनी पुष्कळ भागते. दिनांक नसलेला संदेश पुढे पाठवू नये एवढा एकच नियम पाळला गेला, तरी पूरकाळातील निम्मा गोंधळ कमी होण्यासारखा आहे.

प्रतिबंधक उपाय : ढकलपत्राच्या वेगाचे भीषण स्वरूप १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या, भ्रमणध्वनींवरून पसरलेल्या अफवेमुळे सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या वर्षी देशात इतरत्रही असे प्रकार घडले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली आणि एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन आले. पोस्टकार्ड लिहिताना येणारा कंटाळा यंत्राने कृत्रिमरीत्या परत आणला, असे याचे वर्णन करता येईल.

या उपायांत मजकुराची तपासणी नाही, याचे एक तांत्रिक कारणही आहे. २०१६ पासून या सेवेतील संदेश पाठविणारा व घेणारा यांच्या दरम्यान सांकेतिक रूपात असतात आणि कंपनीस ते वाचता येत नाहीत. तिला पाहता येते ते वर्तन : नव्या खात्यावरून किती वेगाने, किती अनोळखी क्रमांकांना संदेश गेले आणि किती जणांनी तक्रार केली. २०२१ च्या मध्यात प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मासिक अहवालानुसार कंपनीने महिन्याभरात भारतातील सु. २० लाख खाती बंद केली व त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक खाती यंत्राने किंवा घाऊक प्रमाणात संदेश पाठविल्याबद्दल बंद झाली होती. यूझनेटवरील स्वयंसेवकांनी तत्त्व म्हणून स्वीकारलेली गोष्ट येथे अपरिहार्यता म्हणून आली.

ई-पत्रांच्या बाबतीत शब्दांच्या संभाव्यतेवर आधारलेल्या गाळण्या १९९८ च्या सुमारास पुढे आल्या व २००२ नंतर त्यांचा प्रसार झाला. पूर्वी अनाहूत ठरलेल्या पत्रांत कोणते शब्द अधिक आढळतात हे मोजून नव्या पत्राची वर्गवारी त्या करतात. त्यांना शिकविण्यासाठी त्या त्या भाषेतील भरपूर नमुने लागतात. मराठीत एकच शब्द विभक्तिप्रत्ययांमुळे व सामान्यरूपांमुळे अनेक रूपांत येतो, पुष्कळ लोक मराठी रोमन लिपीत व प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने लिहितात आणि ढकलपत्रांचा मोठा भाग अक्षरांऐवजी चित्राच्या रूपात असतो. केवळ शब्द मोजणारी गाळणी अशा मजकुरापुढे अपुरी पडते. [⟶ संगणक, संदेशवहन].

कायदा : केवळ अनाहूत संदेशांविषयी असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. दूरध्वनी व लघुसंदेशांवरील व्यापारी निवेदनांसाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २००७, २०१० व २०१८ मधील विनियम असून नको असलेल्या जाहिरातींची नोंद व तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते. आंतरजालीय गटांतील संदेशांना ही व्यवस्था लागू पडत नाही. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात व्यापारी ई-पत्र पाठविण्यास मुभा असून नको म्हटल्यावर ते थांबविण्याचे बंधन आहे. यूरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात पूर्वसंमती आवश्यक मानली आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले व ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आलेले कलम ६६-अ यांतील एक खंड अनाहूत ई-पत्रांना लागू पडेल असा होता. उपद्रव वा गैरसोय करण्याच्या, अथवा संदेशाच्या उगमाविषयी फसविण्याच्या हेतूने पाठविलेले ई-पत्र त्यात दंडनीय ठरविले होते. परंतु ‘उपद्रव’ हा शब्द संख्येने वा संमतीने बांधलेला नव्हता; तो वाचणाऱ्याच्या भावनेवर सोडला होता. परिणामी घाऊक जाहिराती पाठविणाऱ्यांऐवजी मत व्यक्त करणारे नागरिक या कलमाच्या तडाख्यात सापडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल व त्या लेखनास पसंती दर्शविल्याबद्दल पालघर येथील दोन तरुणींना अटक झाली. त्या लेखनाच्या घाऊक प्रती वाटलेल्या नव्हत्या आणि त्यात काही विकावयाचेही नव्हते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकांच्या निकालात २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य म्हणून रद्द ठरविण्यात आले. न आवडलेला संदेश आणि अनाहूत संदेश यांतील भेद कायद्याच्या भाषेत न उतरल्यास काय होते, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

उलट, क्षोभक मजकूर कितीही गंभीर परिणाम घडवून आणणारा असला, तरी केवळ त्यामुळे तो अनाहूत संदेशाच्या वर्गात जात नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांनी आपल्या खात्यावर लावलेल्या मजकुरावरून तणाव निर्माण झाला. ७ जून रोजी बंदच्या वेळी दगडफेक झाली आणि जिल्ह्यातील भ्रमणध्वनींवरील आंतरजाल सेवा काही काळ थांबविण्यात आली. अशा मजकुराचा विचार सार्वजनिक शांततेच्या कायद्यांखाली होतो. सेवा बंद करण्याचा उपाय मात्र हवे-नको, शिळे-ताजे असे सर्वच संदेश एकदम थांबवितो. दवाखान्याची चौकशी आणि व्यापाऱ्याची देवघेवही त्यात अडकते.

गटचालक, म्हणजे ज्यास सर्वजण ॲडमिन म्हणतात तो, सभासदांच्या संदेशांना कितपत जबाबदार असतो, याविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निर्वाळा दिला. सभासद घेणे व काढणे एवढाच अधिकार गटचालकास असतो, संदेश प्रसृत होण्यापूर्वी तो रोखण्याची शक्ती त्याच्याजवळ नसते. त्यामुळे समान हेतू वा पूर्वयोजना सिद्ध झाल्याखेरीज सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल त्यास दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

गटाचे नियमन : २०१८ च्या मध्यापासून केवळ गटचालकांनाच संदेश पाठविता येतील अशी मांडणी करण्याची सोय उपलब्ध झाली. ती वापरली की नको असलेले संदेश पूर्णपणे थांबतात. परंतु त्याबरोबर चर्चाही थांबते आणि गटाचे रूपांतर सूचनाफलकात होते. गटाची कमाल सभासदसंख्या २५६ वरून २०२२ मध्ये प्रथम ५१२ व नंतर १,०२४ अशी वाढल्यावर मोठ्या संस्थांना ही मांडणी जवळजवळ अटळ झाली. पूरग्रस्त भागासारख्या ठिकाणी दोन गट ठेवणे सोयीचे पडते : एक केवळ दिनांक व वेळेसह अधिकृत आकड्यांचा, ज्यात गटचालकाखेरीज कोणी लिहीत नाही, आणि दुसरा प्रश्नोत्तरांचा. पहिल्या गटाचा आवाज चालू ठेवावयाचा व दुसऱ्याचा गरजेनुसार बंद करावयाचा. छोट्या गटांत मात्र लेखी नियमांपेक्षा चुकणाऱ्यास गटाबाहेर, खाजगीत सांगणे अधिक परिणामकारक ठरते. सर्वांसमोर केलेल्या एका कानउघाडणीवर येणारी चाळीस उत्तरे मूळ संदेशापेक्षा गटास जड जातात.